हौशी माणसे आणि हलती चित्रे

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यातील फोंडाघाट हे गाव सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी वसले आहे. गाव मागे टाकून रस्ता वळणे घेत घाट चढतो, दाजीपूरच्या रानातून राधानगरीस जातो आणि तेथून कोल्हापूर गाठतो. पूर्वी अशा घाटवाटांनी कोकणचे मीठ, नारळ व सुकी मासळी वर जात असे आणि देशावरचा गूळ व धान्य खाली येत असे. मालाबरोबर नवलाच्या वस्तूही याच वाटांनी खेड्यापाड्यांत शिरल्या. घड्याळ आले, सायकल आली, ग्रामोफोन आला, रेडिओ आला आणि अखेरीस खिशात मावणारा मोबाइलही आला.

हल्ली या मुलखात एखाद्या जत्रेत दशावताराचा खेळ उभा राहिला आणि संकासुराने प्रवेश केला की, पाहणाऱ्यांचे हात एकदम वर होतात. प्रत्येक हातात मोबाइलचा चकाकता पडदा असतो. कोणी स्थिर चित्र घेतो, कोणी हलते. कोणी मृदंगाचा ठेका तेवढा टिपून घेतो. ज्या कामासाठी एके काळी विलायतेहून यंत्र मागवावे लागे, ते काम आज दहा वर्षांचे मूल आंगठ्याने करते. ही मोठी मौज आहे, यात संशय नाही. पण आज टिपलेल्या या चित्रांतील किती चित्रे आणखी वीस वर्षांनी पाहावयास मिळतील? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास आपल्याकडील यंत्रांच्या पहिल्या हौशी माणसांचा इतिहास पाहणे उपयोगी पडते.

तारीख ७ जुलै १८९६. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंच्या माणसाने हलत्या चित्रांचा हिंदुस्थानातील पहिला खेळ केला. तिकिटाचा दर एक रुपया होता. चित्रे सहा होती आणि त्यांतील कोणतेही एक मिनिटाहून फारसे लांब नव्हते. गाडी स्थानकात येते, कारखान्यातील कामगार बाहेर पडतात, असेच साधे प्रसंग. तथापि पडद्यावर माणसे खरोखर चालताना पाहून लोक थक्क झाले.

महाराष्ट्राला पडद्यावरील चित्रांची ओळख मात्र तत्पूर्वीच झाली होती. कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले होते. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली पौराणिक चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडावयाची आणि कुशलतेने एकामागून एक बदलावयाची, म्हणजे पाहणाऱ्यास त्यांत हालचालीचा भास होई. या खेळास त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले होते. परक्या यंत्राला घरची कथा आणि घरचे नाव देण्याची ही हौस ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ल्युमिएर बंधूंच्या त्या खेळांनी ज्यांना वेड लावले, त्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे एक होते. त्यांचा जन्म १८६८ चा. लोक त्यांना सावेदादा म्हणत. मुंबईत त्यांचा छायाचित्रांचा व्यवसाय होता. इतर प्रेक्षक खेळ पाहून घरी गेले. सावेदादांना ते यंत्रच हवेसे वाटले. त्यांनी विलायतेहून रायली कंपनीचा कॅमेरा मागविला. किंमत २१ गिनी, म्हणजे २२ पौंड १ शिलिंग. त्या काळच्या भावाने हे सव्वातीनशे रुपयांहून अधिक होतात. ज्या वस्तूचा उपयोग देशात कोणालाच ठाऊक नाही, जी मोडल्यास दुरुस्त करणारा कोणी नाही, अशा वस्तूवर एवढी रक्कम घालणे हे हौशी माणसाचेच काम.

१८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डन येथे सावेदादांनी पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पहिलवानांची कुस्ती लावविली आणि तिचे चित्रण केले. हिंदी माणसाने घेतलेल्या पहिल्या हलत्या चित्रांत या कुस्तीची गणना होते. पण कुस्ती संपली तरी चित्र दिसेना! फिल्म धुण्याची सोय येथे नव्हती. ती आगबोटीने इंग्लंडला पाठवावी, तेथे धुतली जावी आणि पुन्हा आगबोटीने परत यावी, इतका हा खटाटोप. आज चित्र टिपल्यावर क्षणभरात ते दिसले नाही तर माणूस चडफडतो. सावेदादा आपण काय टिपले हे पाहण्यासाठी बोटीची वाट पाहत राहिले. तोपर्यंत ते स्वस्थही बसले नाहीत. प्रोजेक्टर मिळवून त्यांनी परदेशी चित्रांचे खेळ लोकांना दाखविण्यास आरंभ केला.

पुढे डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले. दापोली तालुक्यातील मुर्डी गावच्या या विद्वानाचे स्वागत करण्यास मुंबईच्या बंदरावर मोठा समुदाय जमला होता. सावेदादा तेथे कॅमेरा घेऊन हजर झाले. नाटक नव्हे, पुराण नव्हे, तर डोळ्यांदेखत घडणारा प्रसंग यंत्राने टिपावा, ही दृष्टी त्यांच्यापाशी होती. १९०३ च्या दिल्ली दरबाराचेही त्यांनी चित्रण केले. ते १९५८ पर्यंत हयात होते. म्हणजे मूकपटाचा उदय व अस्त आणि बोलपटाचा भरभराटीचा काळ हे सर्व त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले.

हौशीची दुसरी पायरी दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात दिसते. सावेदादांनी यंत्र मिळविले व चालविले. फाळक्यांनी त्याची विद्या मुळापासून आत्मसात केली. छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग अशा नाना कलांत त्यांचा हात फिरलेला होता. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिल्यावर त्यांना ध्यास लागला आणि १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. थोड्याच आठवड्यांत तेथील काम पाहून व विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून ते परतले. मग त्यांनी पैसेवाल्यांची खात्री पटविण्यासाठी एक गमतीचा प्रयोग केला. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा रोखला आणि रोप वाढत असता रोज थोडेथोडे चित्र घेतले. पडद्यावर पाहता पाहता दाण्याला अंकुर फुटला आणि वेल वर चढली! कित्येक दिवसांची वाढ मिनिटभरात दाखविण्याची ही युक्ती आजच्या मोबाइलमध्ये एका बटणावर मिळते. फाळक्यांना त्यासाठी रोज कुंडीपाशी उभे राहावे लागले.

या उद्योगात सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा फार मोठा होता. कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधाऱ्या खोलीत भोके पाडणे, टिपलेली फिल्म रसायनात धुणे ही कामे त्यांनी शिकून घेतली. आणि दिवसभर कंपनीतील माणसांचा स्वयंपाक करून रात्री त्या हे काम करीत. घरात एकाने नवे यंत्र आणावे आणि त्याचा भार दुसऱ्याने उचलावा, हा अनुभव अनेक घरांना असेल. सरस्वतीबाईंनी मात्र भार उचलताना विद्याही हस्तगत केली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

तिसरी पायरी पाहण्यासाठी पुन्हा फोंडाघाटच्या वरच्या मुलखात, कोल्हापुरास गेले पाहिजे. बाबूराव पेंटर यांचा जन्म तेथे १८९० साली झाला. त्यांचे वडील सुतारकाम, लोहारकाम व चित्रकाम यांत निष्णात असे कारागीर होते. बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. फाळक्यांचे चित्रपट पाहून दोघांनाही हलत्या चित्रांचे वेड लागले. परदेशी कॅमेरा विकत घेण्याचे सामर्थ्य नव्हते. तेव्हा त्यांनी एक जुना प्रोजेक्टर मिळविला, त्याची रचना समजून घेतली आणि कॅमेरा स्वतःच घडविण्याचे मनात आणले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी तो ध्यास सोडला नाही. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला आणि त्या देशी यंत्रावर घेतलेला महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली झळकला. लेथ आणि कानस यांच्या बळावर कोल्हापूरच्या कारागिराने विलायतेची मक्तेदारी मोडली, ही गोष्ट लहान नव्हे. हेच दामले पुढे प्रभात कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले.

यंत्र मिळविणे, यंत्र जाणणे, यंत्र घडविणे अशा तीन पायऱ्या या माणसांनी अवघ्या वीस-बावीस वर्षांत चढून दाखविल्या. परंतु चौथी पायरी राहून गेली. टिपलेले जतन करावयाचे असते, इकडे कोणाचे पुरेसे लक्ष गेले नाही.

सावेदादांची ती कुस्ती आज पाहावयास मिळत नाही. रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचे चित्रही नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. आज पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे उरले आहे, आणि तीही फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या प्रतीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. बाबूरावांचा ‘सावकारी पाश’ हा १९२५ चा मूकपट शेतकऱ्याच्या दैन्याचे वास्तव चित्र म्हणून नावाजला गेला, तोही हरपला. हिंदुस्थानात मूकपटांच्या काळात सुमारे १३०० चित्रपट निघाले. त्यांतील बोटांवर मोजण्याइतकेच शिल्लक आहेत.

हे असे का झाले? पहिले कारण पदार्थाचे. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती भडकन पेटते आणि पेटल्यावर पाण्यालाही दाद देत नाही. दमट व उष्ण हवेत ती हळूहळू चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते. दुसरे कारण माणसाच्या स्वभावाचे. खेळ संपला, उत्पन्न आले, की जुनी फिल्म अडगळ वाटू लागे. तिच्यातील चांदी काढून घेण्यासाठी ती विकलीही जाई. बोलपट येताच मूकपटाला कोणी विचारीना. नव्या यंत्राची हौस जितकी तीव्र, तितकी जुन्याची हेळसांड अधिक, असा हा विचित्र न्याय दिसतो.

पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि परमेश कृष्णन नायर यांनी गावोगाव हिंडून जुनी रिळे गोळा करण्यास आरंभ केला. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे अवशेष आज दिसतात, ते त्यांच्या या खटपटीमुळे. पुढे जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागली आणि कित्येक मूळ फिल्म जळून गेल्या. ज्यांच्या प्रती आधीच दुसरीकडे करून ठेविल्या होत्या, त्यांतील चित्रे तेवढी वाचली. जतनाचा सारा धडा या एका प्रसंगात आला आहे.

आजचा यंत्रप्रेमी म्हणेल की, हे सर्व फिल्मच्या युगाचे झाले. मोबाइलमधील चित्राला वाळवी लागत नाही. ते खरे, पण त्याचे शत्रू निराळे आहेत. मोबाइल पाण्यात पडतो, हरवतो किंवा चार-पाच वर्षांत निकामी होतो. त्यातील साठवणीची चकती विजेच्या सूक्ष्म भारावर माहिती धरून ठेवते आणि वर्षानुवर्षे तशीच पडून राहिल्यास तो भार ओसरू शकतो. चित्र एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला धाडले की, पाठविणारी योजना अनेकदा त्याचा आकार आकसून टाकते आणि त्यातील बारकावे नाहीसे होतात. मजकुराची स्थिती तर याहूनही बोलकी आहे. युनिकोड ही सर्व लिप्यांना समान संकेत देणारी पद्धती १९९१ साली निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. पण ती घरोघरच्या संगणकांत रुळण्यास पुष्कळ वर्षे लागली. मधल्या काळात निरनिराळ्या फाँटांत टंकलेला मराठी मजकूर आज तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला, तर रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ समोर येतो. कागद फाटला नाही, शाई उडाली नाही, आणि तरीही वाचता येत नाही!

यावर उपाय अवघड नाही. जत्रेतील शेकडो चित्रांतून दहा चांगली निवडावी. त्यांस गाव, प्रसंग, वर्ष आणि दिसणाऱ्या माणसांची नावे लिहून जोडावी. कारण नावावाचून चित्र दोन पिढ्यांनी मुके होते. त्यांच्या दोन-तीन प्रती कराव्या आणि एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या गावच्या आप्ताकडे ठेवावी. यंत्र बदलले की जुने फेकण्यापूर्वी आतला ठेवा नव्यात उतरवून तो उघडतो की नाही हे पाहावे. आणि जे फारच मोलाचे, ते कागदावर छापून घ्यावे.

सावेदादांना हे सांगणारा कोणी नव्हता. ते पहिलेच होते. आजच्या हौशी मुलांपुढे त्यांचे उदाहरण आहे. फोंडाघाटच्या पंचक्रोशीत आज एखादा वृद्ध कलावंत संकासुर नाचवीत असेल, तर त्याचे पाऊल, त्याचा आवाज आणि त्याची मालवणी बोली उद्याच्या मुलांना पाहता-ऐकता येतील की नाही, हे जत्रेत मोबाइल उचलणाऱ्या हातांनी दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बसून काय केले, यावर ठरणार आहे.