असील : एका कुलीन कोंबड्याचे घर

मराठीतला ‘अस्सल’ आणि आमच्या हैदराबादेतला ‘असील’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून आले आहेत. ‘अस्ल’ म्हणजे मूळ, आणि ‘असील’ म्हणजे ज्याचे मूळ ठाऊक आहे असा, कुलीन. पहिला शब्द आपण तुपापासून माणसापर्यंत कशालाही लावतो. दुसरा मात्र दक्षिणेत आणि उत्तरेतही प्रामुख्याने एका कोंबड्यासाठी राखून ठेवला गेला. ज्या प्राण्याचे नावच ‘खानदानी’ असे आहे, त्याचे खानदान कोणी, कसे आणि कशासाठी जपले, हा प्रश्न इतिहासाचा आहे. कोंबडीचे नाव काढताच आपल्यापैकी काही घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, हे आम्ही जाणतो; परंतु येथे विषय स्वयंपाकघराचा नसून परसाचा आहे.

कोंबडा आपल्याकडे जुना आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त प्रमतीच्या कथेत बाजाराच्या गावी झुंज चालू आहे, आणि लढणारे दोन कोंबडे कोणत्या जातींचे आहेत हे कवी नावानिशी सांगतो : एक नारिकेल जातीचा, दुसरा बलाक जातीचा. म्हणजे त्या काळीही पाहणारा माणूस नुसता कोंबडा पाहत नव्हता, त्याचे कूळ पाहत होता. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेला ‘मानसोल्लास’ तर आपल्या अगदी जवळचा. त्याची कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, त्याने ‘ताम्रचूडविनोद’ असे एक प्रकरणच दिले आहे. ताम्रचूड म्हणजे तांबड्या तुऱ्याचा, अर्थात कोंबडा. आंध्रात पलनाडूच्या युद्धाची कथा सांगतात, तीत राज्याचा निकाल कोंबड्यांच्या झुंजीवर लागतो.

मनुस्मृतीने गावठी कोंबडा अभक्ष्य ठरविला, हे पुष्कळांना माहीत असते. तो संदर्भ चार्ल्स डार्विनने वापरला होता, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. पाळीव प्राण्यांतील बदलांवरील १८६८ सालच्या ग्रंथात, रानकोंबडा पाळीव केव्हा झाला याचा अंदाज घेताना, विल्यम जोन्सच्या भाषांतरावरून त्याने मनूची साक्ष काढली आहे. पाळीव कोंबड्याचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा, हे डार्विनचे मत मुख्यतः खरे ठरले आहे. फक्त त्यात एक भर पडली. कोंबडीच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून तो करड्या रानकोंबड्याची देणगी आहे, असे स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. हा करडा रानकोंबडा आपल्या सह्याद्रीचा आणि दक्षिणेतील रानांचा रहिवासी. जगाच्या पाठीवर कोठेही पिवळ्या पायांची कोंबडी दिसली, तर तिच्या अंगात या रानांतला एक थेंब आहे असे समजावे.

इंग्रज येथे आले तेव्हा त्यांच्याही देशात झुंजीचा शौक होता. लखनौस नवाब असफउद्दौला आणि कर्नल मॉर्डंट यांच्या कोंबड्यांची झुंज योहान झोफनी या चित्रकाराने १७८०च्या दशकात रंगविली. ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. नवाब आणि कर्नल भोवतीच्या गर्दीत एकमेकांकडे जसे वळले आहेत, तसे त्या काळच्या दरबारी चित्रांत क्वचितच दिसतात. पुढे इंग्लंडात १८३५च्या कायद्याने झुंजीचे आखाडे बंद केले, आणि १८४९च्या कायद्याने बंदी अधिक कडक केली. कोंबडे पाळणाऱ्या हौशी माणसांनी मग करायचे काय? त्यांनी कोंबडा आखाड्यातून काढून प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात ठेवला. १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात इंग्लंडमधील पहिले मोठे कुक्कुटप्रदर्शन भरले होतेच. चीनहून आलेल्या भल्यामोठ्या, पायांवर पिसे असलेल्या कोंबड्या राणी व्हिक्टोरियाने पाळल्या होत्या. त्यांनी इंग्लंड-अमेरिकेला वेड लावले. त्या वेडाला लोक ‘कोंबडीज्वर’ म्हणू लागले, आणि जॉर्ज बर्नहॅम या अमेरिकन व्यापाऱ्याने १८५५ साली याच नावाचे पुस्तक लिहून आपल्या गिऱ्हाइकांची यथेच्छ थट्टा केली. याच गृहस्थाने १८५२ साली राणीस ‘ब्रह्मा’ जातीचे पक्षी भेट पाठविले. नाव ब्रह्मपुत्रेवरून घेतलेले. पक्षी मुख्यतः शांघायकडचा, त्यात चितगावकडचे थोडे रक्त. आपल्या नदीचे नाव असे परस्पर खपले.

या वेडातून एक गोष्ट मात्र टिकाऊ निघाली : लिखित प्रमाण. १८६५ साली इंग्लंडात टेगेटमायर याच्या संपादनाखाली प्रदर्शनीय कोंबड्यांचे पहिले प्रमाणपुस्तक निघाले. कोणत्या जातीचा तुरा कसा, पायांचा रंग कोणता, शेपूट किती उंच, कशाला किती गुण, हे सारे शब्दांत बांधले गेले. अमेरिकेत तसे पुस्तक १८७४ साली आले. तेव्हापासून साधा कारकून किंवा शेतकरीही घरच्या खुराड्यात एखादी जात पिढ्यान्‌पिढ्या राखू शकला. कारण आपल्याला काय राखायचे आहे, ते त्याच्या फडताळातल्या पुस्तकात लिहिलेले होते.

असीलही या वाटेने विलायतेस गेला. कॉर्नवॉल परगण्यातील बॉडमिन गावचे जनरल सर वॉल्टर रॅले गिल्बर्ट यांनी हिंदुस्थानातून तांबडे असील नेऊन तेथील झुंजार कोंबड्यांशी संकर केला, अशी तिकडची परंपरा आहे. हेतू अधिक चांगला लढवय्या निपजविण्याचा. निपजला तो रुंद छातीचा, आखूड पायांचा, लढण्यास जड असा पक्षी. आखाड्यात तो निरुपयोगी ठरला, पण त्याच्या छातीवरचे मांस खाटकाच्या नजरेत भरले. इंग्लंडात त्याला ‘इंडियन गेम’ म्हणतात, अमेरिकेत ‘कॉर्निश’. १९४८ साली अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ या नावाने देशव्यापी स्पर्धा झाली. तीत पहिला आला तो कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांचा, कॉर्निश रक्ताचा संकर. आज गल्लोगल्लीच्या दुकानात जाळीत कोंबलेली पांढरी ब्रॉयलर कोंबडी दिसते, तिच्या पितृकुळात हा कॉर्निश आहे, म्हणजे अंशतः आपला असील आहे. सहा आठवड्यांत दोन किलोंपलीकडे जाणाऱ्या आणि स्वतःच्या वजनाने लंगडणाऱ्या त्या जिवाकडे पाहून हे कोणाला खरे वाटणार नाही.

आता येथल्या असीलाकडे यावे. याच्यासाठी आपल्याकडे १८६५चे पुस्तक नव्हते. प्रमाण होते ते पाळणाऱ्याच्या डोळ्यात आणि बोटांत. शौकीन माणूस पक्षी हातात घेतो, तो आधी त्याचे वजन आणि स्नायूंचा घट्टपणा अजमावतो. पिसे थोडी, ताठ आणि अंगालगत. छातीच्या हाडावर तर कातडी उघडी दिसते. तुरा वाटाण्याचे दाणे ओळीने मांडावेत तसा बारीक, गळ्याखालची लोंबती कातडी जवळजवळ नाहीच, चोच आखूड, मान लांब, पाय सरळ. नर चार-पाच किलोंचा, मादी तीन-चार किलोंची. रंगांची नावे तर एखाद्या दरबारातली वाटावीत : पिवळसर तांबडा तो पीला, काळा-तांबडा याकूब, पांढरा नूरी, काळा कागर, तपकिरी टीकर, फिका तांबडा रेजा. लिहून न ठेवता या खुणा टिकल्या, कारण आखाडा दर वर्षी परीक्षा घेत होता. जो पळाला त्याची वीण बंद झाली. ही परीक्षा क्रूर होती, पायाला पाते बांधून घेतलेली तर फारच. तिचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु असीलाची कुलीनता त्या परीक्षेतूनच आली, हे नाकारण्यातही अर्थ नाही.

घरी असील ठेवणे हे साध्या गावठी कोंबड्या ठेवण्यासारखे नाही. दोन प्रौढ नर एका खुराड्यात ठेवले, तर सकाळी एकच उरतो. माद्याही भांडखोर असतात, आणि पिल्ले काही आठवड्यांची होताच एकमेकांची डोकी फोडू लागतात. म्हणून प्रत्येक नराला वेगळा कप्पा हवा, आणि दोन कप्प्यांमधली भिंत जाळीची नसून भरीव हवी. समोर प्रतिस्पर्धी दिसत राहिला तर पक्षी जाळीवर धडका देऊन चोच आणि डोके रक्तबंबाळ करतो. बसण्याची दांडी जमिनीपासून हातभराहून उंच नको, कारण एवढे वजन उंचावरून उतरताना तळपायास जखमा होतात. अंगावर पिसे कमी, म्हणून थंडी-पावसाचा मारा याला लवकर बाधतो. खुराड्याची बंद बाजू पावसाकडे, उघडी बाजू सकाळच्या उन्हाकडे असावी. एका कोपऱ्यात माती आणि चुलीची राख ठेवावी. तीत लोळून तो पिसवा झाडतो. मुंगूस आणि बोका यांच्यासाठी रात्रीची कडी पक्की हवी, एवढे सांगितले की पुरे.

वीण हा खरा कसोटीचा भाग आहे. असीलाची मादी अंडी थोडी देते, पण खुडूक बसली की तिच्यासारखी आई नाही. दहा-बारा अंडी रवणीला घातली तर एकवीस दिवस ती पोटचा घास सोडून बसते, आणि पिल्लांकडे घारीने झेप घेतली तर घारीवरच धावून जाते. जाणते लोक नर विकतात, मादी सहसा देत नाहीत. रक्त मादीकडून चालते अशी त्यांची समजूत आहे. शास्त्र दोघांना सारखा वाटा देते. तरीही आम्हांला त्या समजुतीत व्यवहारज्ञान दिसते. ज्याच्या घरी माद्या राहिल्या त्याच्या घरी वंश राहिला. अडचण अशी की चार-दोन माद्यांच्या कुळात नात्यातल्या नात्यात वीण होत गेली की अंडी वांझ निघू लागतात. त्या वेळी दुसऱ्या गावच्या, त्याच वाणाच्या घरून नर आणावा लागतो. म्हणजे एक घर पुरत नाही, एकमेकांना ओळखणारी दहा-वीस घरे लागतात.

या घरांचे शत्रू दोन. पहिला मानमोडी. १९२६ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे आणि लवकरच आपल्याकडे कुमाऊंतील राणीखेत येथे ओळखला गेलेला हा रोग एका आठवड्यात सारे परस रिकामे करतो. लस स्वस्त आहे, पण तिची कुपी पन्नास-शंभर पक्ष्यांची आणि ती थंडाव्यात ठेवावी लागते, त्यामुळे आठ कोंबड्या असलेल्या घरापर्यंत ती पोहोचत नाही. आम्ही शासकीय सेवेत असताना जिल्ह्याच्या फिरतीत हे वारंवार पाहिले. दुसरा शत्रू सरसकट कत्तल. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. मोठ्या कुक्कुटशाळांबरोबर आसपासच्या गावांतील परसातल्या कोंबड्याही मारण्यात आल्या. रोग आवरण्यास ते आवश्यक असेलही. पण तोच मुलूख बसरा या आदिवासी घरांतील जुन्या कोंबडीच्या जातीचे माहेर, आणि अशा वेळी नुकसानभरपाई पक्ष्यामागे मिळते, वाणामागे नाही.

आज चित्र अगदीच निराशेचे नाही. २०१९च्या पशुगणनेत देशातील कुक्कुटपक्षी सुमारे ८५ कोटी १८ लाख भरले; त्यांपैकी परसातले सुमारे ३१ कोटी ७१ लाख. परस अजून जिवंत आहे. आमच्या हैदराबादेत राजेंद्रनगर येथील केंद्रीय कुक्कुट संशोधन संस्थेत असीलाचा कळप राखला आहे, आणि इज्जतनगरच्या संस्थेने असीलापासून ‘निर्भीक’ हा परसात पाळण्याजोगा संकर तयार केला आहे. झाबुआच्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून इंदूरकरांना त्याची बढाई मारता येते. पण संस्थेतला कळप म्हणजे वाणाची प्रत, मूळ वही घराघरांतच असते.

झुंजीला १९६०च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे. गोदावरीकाठी संक्रांतीला ती तरीही होते. आखाडा खरोखर मिटला, तर असीलाची परीक्षा कोण घेणार? तमिळनाडूत दिंडुक्कल परिसरात याचे एक उत्तर निघू लागले आहे. तेथे पोपटासारख्या चोचीच्या, लांब शेपटीच्या असीलांची प्रदर्शने भरतात. पक्षी लढत नाहीत, परीक्षक त्यांची चोच, मान, शेपूट आणि उभे राहण्याची ऐट पाहून क्रम लावतात. विलायतेने १८४९ नंतर जे केले ते येथे आपल्या पद्धतीने होत आहे. त्यात कॉर्निशचा धोकाही आहेच, म्हणजे डोळ्याला आवडते ते वाढवता वाढवता पक्षी आपले मूळ अंग गमावून बसण्याचा. तो टाळायचा तर जुन्या शौकिनांच्या बोटांत असलेले प्रमाण कागदावर उतरले पाहिजे. हैदराबादच्या जुन्या शहरात आणि गोदावरीकाठच्या गावांत असे शौकीन अजून आहेत, बहुतेक सत्तरीपुढचे.