मुक्काम कोठे करावा? : अरण्यदर्शनाच्या इतिहासातील एक प्रश्न



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने उभे राहून बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. माझे आयुष्य मराठीच्या अध्यापनात गेले. त्यामुळे संतवाङ्मय किंवा सीमाभागातील मराठी अशा एखाद्या विषयाची आपण अपेक्षा केली असेल, तर ती चुकीची नव्हे. परंतु आजचा विषय मला एका विद्यार्थ्याने दिला. विद्यार्थी म्हणजे आता तेही निवृत्त गृहस्थ आहेत. काही महिन्यांपूर्वी ते घरी आले, समोर चार-पाच रंगीत माहितीपत्रके पसरली आणि म्हणाले, "सर, आयुष्यात एकदाच आफ्रिकेला जाणार आहे. दक्षिण भागात वन्यप्राणी पाहायचे आहेत. यांतला कोणता कॅम्प निवडू?" साठवलेल्या पैशांचा प्रश्न होता, गुडघेदुखी असलेल्या पत्नीचा प्रश्न होता, आणि पुन्हा जाणे होणार नव्हते. मी त्यांना उत्तरासाठी थोडा अवधी मागितला. त्या अवधीत जे वाचले व आठवले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

आरंभ शब्दापासून करतो, कारण तेवढाच माझा अधिकार. 'सफारी' हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण तो आपल्या 'सफर' या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. मूळ अरबी 'सफर', म्हणजे प्रवास. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि अरबी व्यापाऱ्यांच्या वाटेने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेत जाऊन 'सफारी' झाला. एकोणिसाव्या शतकात तो इंग्रजीने उचलला आणि इंग्रजीमार्फत आपल्याकडे परतला, तेव्हा त्याच्या अंगावर शिकाऱ्याचा खाकी पोशाख होता. मूळ अर्थात बंदूक नव्हती. होता तो केवळ प्रवास, आणि प्रवास म्हटला की मुक्काम आलाच. मुक्काम, तळ, छावणी, मचाण ही आपली शब्दसंपत्ती पाहिली, तर कोठे थांबावे हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडत होता, असे दिसते.

कोल्हापूरचे चित्ते

दक्षिण महाराष्ट्राशी आफ्रिकेच्या वन्यजीवनाचा संबंध नवा नाही. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करण्याची परंपरा होती. डोळ्यांवर झापड बांधलेला चित्ता गाडीतून माळावर नेत. गाडी ही माळावरच्या हरणांच्या नित्य परिचयाची, म्हणून ती बुजत नसत. अंतर पुरेसे कमी झाले की झापड काढीत. पाहणाऱ्याने कोठे बसावे, जनावराच्या किती जवळ जावे आणि त्याला न बुजवता कसे जावे, याचे हे शास्त्रच होते. आजच्या सफारीतील उघडी मोटार याच तत्त्वावर चालते. सिंह मोटारीला ओळखतो, तिच्यातून खाली उतरलेल्या माणसाला मात्र तो वेगळे समजतो.

परंतु आपल्याकडील चित्ते संपत आले आणि संस्थानिकांना ते आफ्रिकेतून मागवावे लागले. वन्यजीव-इतिहासाचे अभ्यासक दिव्यभानुसिंह यांनी दाखविले आहे की, १९१८ ते १९४५ या काळात असे सुमारे दोनशे चित्ते भारतात आणले गेले. कोल्हापूर व भावनगर ही संस्थाने त्यांत अग्रभागी होती. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे घोषित झाले. पुढे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या अरण्यात आणण्यात आले. पूर्वी शिकारीसाठी ज्या खंडाकडे हात पसरला, त्याच खंडाकडे संरक्षणासाठी पुन्हा पसरावा लागला. कोल्हापूरच्या शिकारी राखीव रानाचे मात्र भाग्य निराळे ठरले. दाजीपूरचे ते रान १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले.

आगगाडीतला पहिला तळ

दक्षिण आफ्रिकेतही घडले ते याच क्रमाने. शिकारीने प्राणी संपू लागले, तेव्हा १८९८ मध्ये ट्रान्सवाल प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांनी साबी नदीलगतचा प्रदेश राखीव केला. १९०२ मध्ये जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन तेथे प्रमुख म्हणून आले. प्राणी मारण्यासाठी नव्हे, तर केवळ पाहण्यासाठी लोक पैसे देतील, यावर त्या काळी कोणाचा विश्वास नव्हता. १९२३ मध्ये तेथील रेल्वेने पर्यटकांसाठी एक फेरी सुरू केली. गाडी रात्री त्या रानात थांबे, प्रवासी शेकोटीभोवती बसत, रक्षकाबरोबर थोडे पायी हिंडत आणि डब्यात झोपत. त्या फेरीतला तो मुक्कामच लोकांना सर्वांत अधिक आवडला. १९२६ मध्ये कायदा होऊन क्रूगर राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. १९२७ मध्ये पर्यटकांच्या पहिल्या मोटारी आत गेल्या, त्या अवघ्या तीन. पुढे झोपड्या आल्या, कुंपणे आली, डांबरी रस्ते आले.

आपल्या मळमड्डीकरांना आगगाडीची शिटी परकी नाही. आपल्याकडेही रानात आधी रूळ गेले. अळणावरहून दांडेलीकडे गेलेला फाटा लाकडासाठी होता, प्रवाशांसाठी नव्हे. एका ठिकाणी आगगाडीने माणसाला रान दाखविले, तर दुसऱ्या ठिकाणी रान उचलून माणसाकडे आणले.

पाण्याचा प्रश्न

आता माझ्या विद्यार्थ्याच्या माहितीपत्रकांकडे वळू. त्यांत बिछाने, भोजन आणि स्नानगृहे यांचीच छायाचित्रे अधिक होती. इतिहास मात्र सांगतो की, पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा. दक्षिण आफ्रिका खंडाच्या बहुतेक रानांत मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ. पाने झडतात, गवत बसते आणि प्राणी उरलेल्या पाणवठ्यांवर गोळा होतात. म्हणून पाहणाऱ्याला तो काळ सोयीचा. बोट्स्वानातील ओकावांगोची गोष्ट अधिक विलक्षण आहे. अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस शेकडो किलोमीटर संथपणे वाहत येतो आणि स्थानिक पाऊस संपून गेल्यावर, ऐन कोरड्या दिवसांत, तेथे पूर चढतो. म्हणजे त्याच महिन्यांत एखादा तळ पूर्णपणे होडीचा असतो, तर काही कोसांवरचा दुसरा मोटारीचा. ज्यांना हत्ती व सिंह पाहायचे, त्यांनी कोरड्या भूमीचा तळ पाहावा. ज्यांना पक्षी व नीरव पाणी प्रिय, त्यांनी पाण्यावरचा.

पाणवठा जवळ असला की तळ उत्तम, असे कोणीही म्हणेल. पण येथे एक मेख आहे. क्रूगरमध्ये अनेक दशके विंधनविहिरी खणून कृत्रिम पाणवठे केले गेले. हेतू चांगला होता. उत्तरेकडील कोरड्या गवताळ भागात पाणी आल्यावर तेथे झेब्रे आले, झेब्र्यांमागून सिंह आले आणि तेथील रोन नावाच्या दुर्मीळ कुरंगावर संकट कोसळले. १९८६ च्या सुमारास तेथे साडेचारशेच्या आसपास असलेली त्यांची संख्या १९९३ पर्यंत पन्नासच्या आत आली. त्यानंतर अनेक कृत्रिम पाणवठे बंद करण्यात आले. पाहण्याची सोय आणि प्राण्याचे हित हे नेहमीच एका गाडीत बसत नाहीत, हे यावरून ध्यानात घ्यावे.

दुसरा प्रश्न हिंडण्याच्या नियमांचा. क्रूगरमधील सार्वजनिक तळांवर आपली मोटार आपण चालवावी, रस्ता सोडू नये, सूर्यास्तापूर्वी कुंपणात परतावे, असा दंडक आहे. खर्च बेताचा आणि सावकाशी आपल्या हाती. पश्चिमेला लागून असलेल्या खासगी राखीव रानांत उघडी गाडी, माग काढणारा जाणकार, रात्रीचा फेरफटका आणि माग लागल्यास रस्ता सोडण्याची मुभा. मात्र दर अनेक पटींनी जास्त. १९९३ मध्ये साबी सँड आणि क्रूगर यांमधील कुंपण काढले गेले, तेव्हापासून प्राणी दोहोंकडे सारखेच ये-जा करतात. जास्तीच्या पैशांत मिळते ते मार्गदर्शकाचे ज्ञान व निकटता. चांगल्या मार्गदर्शकासाठी पैसे खर्चावेत, गादीसाठी खर्चू नयेत, असे मी सांगितले.

जमीन कोणाची?

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना स्थानिक त्सोंगा लोकांनी 'स्कुकुझा' असे नाव दिले. त्याचा एक अर्थ झाडून साफ करणारा. त्यांनी राखीव प्रदेशातील वस्त्या हलविल्या, त्याची ही आठवण. आज त्या उद्यानाच्या मुख्य तळाचे नावही स्कुकुझाच आहे. १९६९ मध्ये उद्यानाच्या उत्तर टोकावरील मकुलेके लोकांना घरे सोडावी लागली. वर्णभेदी राजवट गेल्यानंतर १९९८ मध्ये ती भूमी त्यांना परत मिळाली. त्यांनी तेथे नांगर धरला नाही. रान रानच ठेवले आणि पर्यटकांचे तळ चालविण्यासाठी करार केले.

याच्या उलट बोट्स्वानात १९६३ मध्ये बटावाना लोकांनी आपल्याच भूमीवर, राज्यप्रमुख एलिझाबेथ पुलाने मोरेमी यांच्या काळात, मोरेमी राखीव रान निर्माण केले. पण तेथेही सान लोकांची काही वस्ती हलवावी लागली, हे विसरता येत नाही. झांबियाच्या लुआंग्वा खोऱ्यात १९५० मध्ये नॉर्मन कार यांनी न्सेफू प्रमुखाच्या प्रदेशात तळ उभारला, त्याचे उत्पन्न तेथील लोकांकडे जावे या योजनेने.

हे सर्व दूरचे आहे, असे समजू नका. धारवाड या नावाचा संबंध काही जण 'द्वारवाट' या शब्दाशी जोडतात. ते द्वार ज्या मलनाडच्या अरण्याचे, त्यातच दांडेली आहे. मे १९५६ मध्ये, आपण मुंबई राज्यात असतानाच्या अखेरच्या वर्षात, ते अभयारण्य झाले. १९८७ मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ मध्ये दोहोंचे मिळून व्याघ्रप्रकल्पक्षेत्र झाले आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. त्याच नदीवर सूपा येथे धरण झाले व जुने सूपा गाव पाण्याखाली गेले. या रानात मराठी बोलणारे गवळी धनगर आहेत. हल्याळ, येल्लापूरच्या बाजूला सिद्दी बांधव आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, अनेकदा गुलाम म्हणून, गोव्याच्या वाटेने. आपण ज्या खंडाला पैसे देऊन सफारीसाठी निघतो, तेथून या लोकांना कोणी 'सफर' विचारून आणले नव्हते. त्यांना उत्तर कन्नड जिल्ह्यात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. २००६ च्या वनहक्क कायद्याने, अनुसूचित जमातीत नसलेल्या पारंपरिक वनवासीयांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. ज्यांनी कधी कागद केला नाही, त्यांनी कागद कोठून आणावा?

माझा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही काही निवृत्त मंडळी त्या भागातील एका खासगी विश्रामस्थळी उतरलो. रात्री ध्वनिवर्धक लागला, झाडांवर रंगीत दिवे लागले. प्राणी तर सोडाच, रातकिड्यांचा आवाजही ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशी कुळगीच्या वनखात्याच्या तळावर गेलो. साधे तंबू, साधे जेवण. बरोबर एक वृद्ध सिद्दी वाटाड्या होता. त्याने फळांनी लदलेल्या एका वडाखाली आम्हांला गप्प बसविले. अर्धा तास काही घडले नाही. मग पंखांचा मोठा घोंगावणारा आवाज आला आणि धनेश पक्ष्यांची जोडी फांदीवर उतरली. वाघ दिसला नाही, काळा बिबट्याही नाही. येथले रान दाट आहे, ते आफ्रिकेच्या माळासारखे उघडे पडत नाही. पण त्या अर्ध्या तासाचे मोल मला आजही वाटते.

व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या रानात मुक्कामाला राहिले, म्हणून मराठीला 'नागझिरा' मिळाले. मारुती चितमपल्ली नवेगावबांधच्या परिसरात वर्षानुवर्षे राहिले. २०२५ मध्ये ते गेले, पण पाखरांची आणि झाडांची किती नावे त्यांनी आपल्या भाषेला परत दिली! दोघांचा धडा एकच: धावणाऱ्याला रान दिसत नाही, थांबणाऱ्याला दिसते.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला मी असे सांगितले. तीन ठिकाणी एकेक रात्र राहू नका. एका ठिकाणी तीन-चार रात्री राहा. कोरड्या ऋतूत जा. हिवतापाच्या प्रदेशाबद्दल वैद्याला विचारा आणि पत्नीला उंच गाडीत चढणे जमेल का, हे आधीच लिहून विचारा. चांगला वाटाड्या असलेला तळ निवडा. आणि तळाच्या चालकाला एक पत्र लिहून विचारा की, ही भूमी पूर्वी कोणाची होती व आज तिच्या उत्पन्नातले त्यांना काय मिळते. जो या प्रश्नाचे सरळ उत्तर देईल, त्याच्याकडे मुक्काम करा. त्यांनी तशी चार पत्रे पाठविली. दोन उत्तरे आली. त्यांतील एक मकुलेके लोकांच्या भूमीवरील तळाचे होते आणि त्यांनी तेच निवडले आहे.

त्यांना आणखी एक सांगितले, तेच आपणांसही सांगून थांबतो. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी दोन रात्री कुळगीला राहून या. धारवाडहून ते काही तासांच्या वाटेवर आहे. हाच प्रश्न तेथेही विचारा. आपल्या दारातल्या रानात ज्याने तो विचारला, त्यालाच तो दूरच्या रानात विचारण्याचा अधिकार येतो.