सोलापूरचा लष्करी कायदा आणि दंडसंहिता (इ. स. १९३०)

सोलापूरच्या इ. स. १९३० च्या प्रकरणावर जें लिखाण आमच्या वाचनांत आलें, त्यांत वीररस विपुल आहे, तो असावाही. परंतु त्या दिवसांत कोणता कायदा कोणास लागू केला गेला, याची चिकित्सा त्यांत फारशी आढळली नाहीं. चार हुतात्म्यांना लष्करी कायद्याखालीं फांशी दिलें, असें जाणतीं माणसेंही सर्रास बोलतात. तें बरोबर नाहीं; आणि या एका गैरसमजामुळें सर्व प्रकरणाचा अर्थच पालटतो. सबब हा लेखनप्रपंच.

प्रथम हकीकत. ६ एप्रिल १९३० रोजीं सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय निशाण चढलें. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर कराडी येथें गांधीजींना अटक झाली, आणि ती वार्ता पसरतांच गांवांतील गिरण्या ओस पडल्या. ८ मे रोजीं लोक रूपाभवानीच्या बाजूस शिंदीचीं झाडें तोडावयास गेले. कलेक्टर नाइट पोलिसांसह तेथें पोहोंचले, धरपकड झाली, दगड पडले व गोळीबार झाला. त्यांत निशाण घेतलेला शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला. क्षुब्ध जमावानें मंगळवार पेठेंतील पोलीस चौकी जाळली, तेथें पोलिसांचे शिपाई मारले गेले, आणि न्यायकचेरीसही आग लागली. त्यापुढें ९ ते ११ मे या तीन दिवसांत पोलीस शहरांत दिसेनासे झाले, आणि रामकृष्ण जाजू प्रभृति काँग्रेसच्या मंडळींनीं स्वयंसेवकांकरवीं शहराचा बंदोबस्त राखला. १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारला गेला; तो ३० जूनपर्यंत चालला.

आतां ८ मेच्या कृत्यांकडे दंडसंहितेच्या दृष्टीनें पाहूं. इ. स. १८६० च्या त्या संहितेंत बेकायदा जमाव, दंगा, सरकारी नोकरावर हल्ला, आग लावून इमारत नष्ट करणें, खून, यांपैकीं एकाही गोष्टीची उणीव नव्हती. जमाव पांगविण्याचे, आणि त्यासाठीं लष्कराची मदत घेण्याचेही, अधिकार इ. स. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत मॅजिस्ट्रेटला होते; शिवाय सद्‌भावनेनें असें काम करणाऱ्यावर सरकारच्या संमतीवांचून खटला चालूं नये, हें कवचही त्याच कायद्यांत होतें. म्हणजे हत्यारही होतें आणि ढालही होती. मग अधिक काय हवें होतें?

याचें उत्तर आमच्या मतें ८ मेमध्यें नसून पुढील तीन दिवसांत आहे. जाळपोळ हा गुन्हा सरकारला ओळखीचा होता; सरकारवांचून शहर चालणें हें ओळखीचें नव्हतें. लष्करी हुकुमांत जो गुन्हा विशेष उठून दिसतो तो हाच: नेमलेल्या अधिकाऱ्यांचीं कामें आपण करणें, किंवा तशी इच्छा निशाण, वेष वा अन्य खुणेनें दर्शविणें. दंडसंहितेंतही सरकारी नोकराचें सोंग घेण्याचें कलम आहे. परंतु तें तोतयासाठीं आहे. चौकांत उभें राहून गाड्यांना वाट दाखविणारा स्वयंसेवक कोणाचें सोंग घेत होता? तो तर आपण पोलीस नाहीं हेंच डोक्यावरील पांढऱ्या टोपीनें जाहीर करीत होता. म्हणून तोतयाचें कलम त्याला लागूं पडेना, आणि टोपी व निशाण यांनाच गुन्हा ठरवावें लागलें.

या हुकुमतीला कायद्याचा आधार मागाहून मिळाला. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनीं त्याच मे महिन्यांत इ. स. १९३० चा चौथा वटहुकूम काढला. असा वटहुकूम गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टाच्या ७२ व्या कलमान्वयें सहा महिन्यांपुरताच टिके. पुढें चन्नाप्पा शांतीरप्पा यांच्या अर्जावर मुंबई हायकोर्टांत लष्करी कायद्याच्या मुळाचीच चर्चा झाली. गरज हें जर त्याचें मूळ, तर सात आठवडे ती गरज कोणत्या स्वरूपांत टिकून होती, हें इतिहासाच्या अभ्यासकानें विचारलेंच पाहिजे.

आणि त्याच गरजेविरुद्धचा सबळ पुरावा सरकारनें स्वतःच निर्माण करून ठेवला आहे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन या चौघांवरील पोलिसांच्या खुनाचा खटला सेशन्स कोर्टांत, साध्या दंडसंहितेखालीं चालला. हायकोर्टांत दाद मागूनही शिक्षा टळली नाहीं, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत चौघांना फांशी दिलें गेलें. सर्वांत मोठ्या गुन्ह्याला जें न्यायालय पुरेसें वाटलें, तें टोपीला अपुरें कां वाटावें?

साधें न्यायालय म्हणजे निर्दोष न्याय, असा मात्र आमच्या म्हणण्याचा अर्थ नव्हे. दंडसंहितेचें १४९ वें कलम पाहा. जमावाच्या समान उद्देशासाठीं एकानें गुन्हा केला, तर त्या वेळीं जमावांत असलेला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा धनी होतो, मग त्याचा हात उठो वा न उठो. अनेकांच्या एकत्रित अपराधाचा विचार आपल्या शास्त्रकारांनींही केला आहे. एकाला अनेक जण मारीत असतील तर प्रत्येकास विहित दंडाच्या दुप्पट दंड करावा, असें याज्ञवल्क्य सांगतो, आणि कौटिल्याचेंही तेंच मत आहे. याज्ञवल्क्यावर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणीचा, म्हणजे आमच्या सोलापूरचा शेजारीच. तेथें दंड दुप्पट आहे खरा, पण तो मारणाऱ्यांना. नुसत्या उपस्थितांना नव्हे. शिवाय कौटिल्याच्या कण्टकशोधन अधिकरणांत सामान्य चोरांबरोबर लांच खाणारे व खोटा न्याय देणारे अधिकारीही कांट्यांतच मोजले आहेत. प्राचीन व्यवस्था सर्वस्वी न्याय्य होती असें आम्ही म्हणत नाहीं, कारण वर्णपरत्वें दंडभेद तिच्यांत होताच. पण राज्याच्या अपराधाला तिनें जागा ठेविली होती. १९३० च्या हुकुमांत ती जागा शोधून सांपडत नाहीं.

दंडसंहिता १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाली. तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंत १४९ वें कलम १९० व्या अंकानें नांदत आहे. लष्करी कायद्याचा उल्लेख आपल्या राज्यघटनेच्या ३४ व्या अनुच्छेदांत आहे. तो पुकारावा केव्हां, हें तेथें सांगितलेलें नाहीं. तो असतांना सुव्यवस्थेसाठीं केलेल्या कृत्यांबद्दल अधिकाऱ्यांना संसदेनें दोषमुक्त करावें कसें, आणि दिलेल्या शिक्षा कायम कराव्या कशा, एवढेंच सांगितलें आहे.