सोयरिकीचा हिशेब

शेजार निवडता येत नाही, सोयरीक मात्र निवडता येते. नकाशा शिकवताना मुलांना हे सांगावे लागते. राष्ट्रांच्या बाबतीत हे निवडण्याचे काम मुत्सद्द्यांचे. परंतु त्या निवडीचा हिशेब कोणीतरी शांतपणे मांडून ठेवावा लागतो. आपल्याकडे हे काम जन्मभर करणारा एक अभ्यासक होऊन गेला. त्याचे नाव के. सुब्रह्मण्यम.

१९६२ च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. त्यांच्याच कारकीर्दीत, १९६५ च्या नोव्हेंबरात, तेथे संरक्षणविषयक अभ्यासाची संस्था निघाली. युद्धाचा विचार केवळ सेनापतींवर सोपवून भागत नाही, हे शहाणपण रक्त सांडल्यावर आले होते. १९६८ साली सुब्रह्मण्यम या संस्थेचे संचालक झाले. जन्म १९२९ चा, तिरुचिरापल्लीचा, शिक्षण रसायनशास्त्राचे, नोकरी सनदी. बंदूक त्यांनी हाती धरली नव्हती. त्यांचे हत्यार म्हणजे कागद आणि लेखणी.

ते हत्यार बोथट नव्हते. १९७१ साली पूर्व बंगालात आगडोंब उसळला, तेव्हा भारताने ही संधी दवडू नये, असे त्यांनी उघडपणे मांडले. पाकिस्तानने त्याच शब्दांचा पुरावा करून भारताच्या कारस्थानाची हाकाटी पिटली. त्या काळी वॉशिंग्टन आणि पेकिंग या दोघांचा कल पाकिस्तानकडे होता. म्हणून ९ ऑगस्ट १९७१ च्या करारानंतर मॉस्कोची मैत्री आपल्या जमेच्या बाजूस पडली.

पुढे सोव्हिएत संघच १९९१ साली विलयास गेला. २००५ साली अमेरिकेशी अणुसहकार्याची बोलणी सुरू झाली, तेव्हा पंचाहत्तरी उलटलेल्या सुब्रह्मण्यम यांनी त्यांना हिरिरीने पाठिंबा दिला. कित्येकांना हा पक्षबदल वाटला. पण खरे पाहता पक्ष बदलला नव्हता, काळ बदलला होता. जुना आकडा खोडण्यास लाजणारा कारकून धन्याचे दिवाळे काढतो.

सरकारलाही त्यांनी सूट दिली नाही. कारगिलच्या युद्धानंतर १९९९ साली नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. हेरगिरीतील उणिवा त्या समितीने उघड्या केल्या आणि स्वातंत्र्याच्या वेळची संरक्षणाची घडी ५२ वर्षांत जवळजवळ तशीच राहिली, हे दाखवून दिले. संरक्षण दलांचा प्रमुख पदावर आला तो २०२० च्या आरंभी. ते पाहण्यास सुब्रह्मण्यम नव्हते. २०११ साली ते निवर्तले होते.

१९९९ सालीच त्यांना पद्मभूषण देऊ करण्यात आले. सनदी नोकरांनी व पत्रकारांनी सरकारी मानसन्मान घेऊ नयेत, असे म्हणून त्यांनी तो नाकारला. या एका नकारात त्यांच्या साऱ्या संशोधनाची किल्ली आहे, असे मला वाटते. ज्याला हिशेब खरा ठेवायचा असतो, त्याने धन्याच्या ताटातले पक्वान्न घेऊ नये. मग तो धनी परका असो, की आपला स्वतःचा.