स्वदेशाच्या उंबरठ्यावर अटक

परकी मनुष्य देशांत येत असेल तर त्याचें नांवगांव विचारावें, संशय आल्यास सामान तपासावें, हा अधिकार कोणतेंही सरकार आपल्याकडे राखतें. युद्धकाळीं तो अधिक कडक व्हावा यांत नवल नाहीं. परंतु तोच अधिकार घरीं परतणाऱ्या देशबांधवांवर चालविल्यास त्याचें स्वरूप काय होतें, हें १९१४ सालच्या एका वटहुकुमावरून वाचकांस दाखवावें असा आमचा हेतु आहे.

४ ऑगस्ट १९१४ रोजीं इंग्लंड युद्धांत उतरलें. त्याच महिन्यांत हिंदुस्थान सरकारनें परकीयांविषयीं एक वटहुकूम काढला. ५ सप्टेंबर रोजीं दुसरा निघाला, तो हिंदुस्थानांतील प्रवेशासंबंधीचा. पहिल्याचा विषय परकी लोक हा होता. दुसऱ्यांत परकी व स्वकीय हा भेदच उरला नाहीं. बाहेरून येणाऱ्या कोणाही माणसाच्या स्वातंत्र्यावर, राज्याच्या सुरक्षिततेसाठीं म्हणून, सरकारास बंधन घालतां येऊं लागलें. त्यासाठीं न्यायालयांत गुन्हा शाबीत करण्याची गरज नव्हती. सरकारी हुकूम पुरेसा होता. वटहुकुमाचें आयुष्य सहा महिन्यांचेंच असे. म्हणून १९१५ सालीं कायदा करून तें वाढविण्यांत आलें.

याचा पहिला मोठा प्रयोग 'कोमागाता मारू' जहाजावर झाला. ३७६ प्रवासी घेऊन हें जहाज मे १९१४ मध्यें कॅनडांतील व्हँकुव्हर बंदरास गेलें होतें. बहुतेक प्रवासी पंजाबी शीख. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असूनहि त्यांस तेथें उतरूं दिलें नाहीं, आणि दोन महिन्यांनीं जहाज परत फिरलें. तें वाटेवर असतांनाच वरील वटहुकूम निघाला. हुगळीच्या मुखाशीं जहाजाची झडती झाली. २९ सप्टेंबर रोजीं कलकत्त्याजवळ बजबज येथें प्रवाशांस उतरवून खास गाडीनें थेट पंजाबांत नेण्याचा बेत होता. बहुतेकांनीं गाडींत बसण्याचें नाकारलें. चकमक झाली, गोळीबार झाला आणि सुमारे वीस प्रवासी प्राणांस मुकले. परक्या देशानें परके म्हणून परतविलें आणि स्वदेशांत पाऊल ठेवतांच संशयित म्हणून धरलें, अशी ही दुहेरी विटंबना होय.

सरकारची भीति अगदींच निराधार होती असें आम्ही म्हणत नाहीं. सॅनफ्रान्सिस्कोच्या 'गदर' पत्रानें देशांत परतून बंड करण्याची हांक दिली होती. प्रश्न आहे तो जाळ्याच्या विणीचा. पंजाबचे तत्कालीन लेफ्टनंट गव्हर्नर ओड्वायर यांच्याच हिशेबाप्रमाणें युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत सुमारे ८,००० लोक परतले. त्यांपैकीं सुमारे ४०० तुरुंगांत व २,५०० आपापल्या गांवांत स्थानबद्ध झाले. तथापि पुणें जिल्ह्यांतील तळेगांव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे हा तरुण नोव्हेंबर १९१४ मध्यें अमेरिकेहून कलकत्त्यास उतरला तो या जाळ्यांतून सहज निसटला. तो सांपडला मार्च १९१५ मध्यें, मीरतच्या लष्करी छावणींत, बाँबसह; आणि १६ नोव्हेंबर रोजीं लाहोर येथें फांशीं गेला. ज्याच्यासाठीं पहारा बसविला तो आंत आला. पोटासाठीं परदेशीं गेलेले शेंकडों शेतकरी व मजूर मात्र अडकले. केवळ संशयावर चालणाऱ्या कायद्याची ही नेहमींची गति आहे.

युद्ध संपलें, पण संवय राहिली. १९२० सालच्या पासपोर्टसंबंधीच्या कायद्यानें साध्या फौजदारासहि वॉरंटावांचून अटक करण्याचा अधिकार दिला. तो कायदा, आणि दुसऱ्या महायुद्धांतील तरतुदींवर उभारलेला १९४६ चा परकी नागरिकांविषयींचा कायदा, हे दोन्ही स्वतंत्र भारतानें तसेच ठेवले. २०२५ सालीं नवा कायदा करून ते रद्द झाले. नवा कायदा जुन्यापेक्षां न्याय्य ठरेल कीं नाहीं, हें त्याच्या कलमांहून तो चालविणाऱ्यांवर अधिक अवलंबून आहे. सरहद्दीवर पहारा असावाच. परंतु पकडलेल्या माणसास आपण कोण व कां आलों हें न्यायाधीशापुढें सांगण्याची सोय नसेल, तर त्या पहाऱ्यास न्याय म्हणतां येणार नाहीं. बजबजच्या प्रवाशांस ती सोय मिळाली नाहीं, एवढें तरी आपण विसरूं नये.