उड्या मारणाऱ्या फुटाची कुळकथा

एलियास हाउ यांनी १८४६ साली अमेरिकेत ज्या शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, त्याला कापड दाबून धरणारा फूट नव्हताच. कापड एका पट्टीवरच्या टाचण्यांना अडकवून उभं लटकवायचं, पट्टी पुढे सरकेल तशी टीप पडायची. पट्टी संपली की यंत्र थांबवून कापड काढायचं आणि पुन्हा नव्यानं टाचायचं. शिवण फक्त सरळ, तीही तुकड्यातुकड्यानं.

आयझॅक सिंगर यांना १२ ऑगस्ट १८५१ रोजी पेटंट मिळालं. त्यांच्या यंत्रात कापड आडवं पसरलं, सुई वरून सरळ खाली येऊ लागली आणि तिच्या शेजारी स्प्रिंगनं दाबलेला फूट आला. पुढे १८५४ मध्ये अ‍ॅलन विल्सन यांनी कापडाखालच्या दात्यांना चार चाली दिल्या: वर यायचं, पुढे सरकायचं, खाली जायचं, मागे परतायचं. वरून फुटाचा दाब, खालून दात्यांची ओढ. घरोघरच्या मशीनची टीप आजही याच जोडीवर चालते.

या जोडीनं शिवणकाम वेगवान केलं, पण कापड कुठं वळवायचं हे मात्र बरंचसं दाते ठरवू लागले. पान, वेल, गोल गोल फिरणारी रेघ यांतलं काही काढायचं तर दर दोन टाक्यांनी फूट उचलून कापड वळवावं लागे. क्विल्टवर, म्हणजे रजईवर, आज मोकळ्या हातानं जी नक्षी काढतात, तिच्यासाठीचा फूट ही अडचण सोडवण्याच्या खटपटीतून आलेला आहे.

पहिली वाट भरतकाम करणाऱ्यांनी काढली. त्यांनी फूट काढूनच टाकला, दात्यांवर पत्र्याची झाकणी बसवली, कापड लाकडी रिंगमध्ये ताणलं आणि दोन्ही हातांनी रिंग सुईखाली फिरवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगर कंपनी आपल्या साध्या घरगुती यंत्रावर केलेलं असं भरतकाम लोकांना दाखवू लागली होती. कंपनीच्या लंडनच्या कार्यशाळेत डोरोथी बेन्सन यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं आणि शिकवलं. त्यांचं या विषयावरचं पुस्तक १९४६ साली आलं. हिंदुस्थानात सिंगरची यंत्रं खपवण्यात नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांचा मोठा वाटा होता. आपल्याकडे मशीनवर भरतकाम करणारे कारागीर आजही काळ्या मशीनचा फूट काढून, रिंग लावूनच काम करतात. फाटलेल्या जीन्सवर मशीननं रफू करणाऱ्याचे हातही असेच पुढेमागे फिरत असतात. ही सगळी एकाच घराण्यातली माणसं आहेत.

फुटाशिवाय टाका पडतो कसा? सुई तळाशी पोहोचून जरा वर उचलली जाते, तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फुगवटा होतो. शटलचं टोक त्या फुगवट्यात शिरून दोरा पकडतं. सारा खेळ त्या दोन-अडीच मिलिमीटरचा. सुई वर येताना कापडही तिच्याबरोबर उचललं गेलं, तर फुगवटा होत नाही आणि मशीन टाका सोडतं. रिंगमध्ये ताणलेलं कापड उचललं जात नाही, म्हणून तिथं फुटाची गरज भासत नाही. म्हणजे दाते झाकलेले असले की फुटाचं खरं काम क्षणभराचं: सुई कापडात असताना ते खाली धरायचं. एरवी तो वर राहिला तरी बिघडत नाही.

मला वाटतं, या कुळकथेतली सगळ्यात बुद्धिमान पायरी हीच. रफूसाठी निघालेल्या फुटानं नेमकं एवढंच केलं. या फुटाला तळव्याऐवजी एक छोटं कडं असतं, दांड्यावर स्प्रिंग असते आणि बाजूला एक आडवा हात असतो. तो हात सुई आवळण्याच्या स्क्रूवर टेकतो. सुई वर गेली की स्क्रू त्या हाताला उचलतो, कडं वर जातं आणि कापड मोकळं होतं. सुई खाली आली की स्प्रिंग कडं खाली दाबते. सुईबरोबर फूट टुणटुण उड्या मारतो. मोज्याची टाच आणि कोटाचं कोपर दुरुस्त करायला केलेली ही वस्तू. ठिगळाच्या जागी दर वेळी रिंग बसतेच असं नाही, म्हणून तिची गरज.

रजईला ही वस्तू लागू पडली ती त्याच कारणानं. दोन कापडं आणि मधला कापूस असा जाड थर रिंगमध्ये ताणून मशीनच्या बगलेतून फिरवणं फार जिकिरीचं. अमेरिकेत यंत्र आल्यापासून क्विल्टवर सरळ टिपा पडत होत्या, पण नक्षी हातानंच घालायची अशी रीत होती. १९८०च्या दशकात कोलोरॅडोच्या हॅरिएट हारग्रेव्ह यांनी रफूचा फूट लावून पारंपरिक फुलापानांची नक्षी मशीनवर घालायला शिकवलं. मग १९८९ साली केंटकीतल्या पडुका गावी अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॉलर्ट यांच्या ‘कोरोना टू: सोलर इक्लिप्स’ या मशीननं टिपलेल्या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तिथं मशीनकामाला मिळालेला हा पहिलाच असा मान. हाताच्या टाक्याची बाजू घेणाऱ्यांनी मोठा गदारोळ केला. हाताच्या टाक्याचं मोल मला कमी वाटत नाही; आपली गोधडी त्याच्यावरच उभी आहे. पण फॉलर्ट यांच्या कामातही कापड हातानंच फिरतं आणि टाक्याची लांबी हातच ठरवतो. परीक्षकांचा निकाल योग्यच होता.

मागणी वाढली तशी त्या एका कड्याला भावंडं झाली. समोरून उघडं कडं सुईची जागा स्वच्छ दाखवतं, पण वर शिवलेल्या तुकड्याच्या कडेत अडकू शकतं. बंद कडं अडकत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकचं सगळं दाखवतं, धातूचं जास्त टिकतं. मोठं गोल कडं आधीच्या रेघेपासून सारखं अंतर राखायला बरं. पट्टीच्या आधारानं टीप घालायचा फूट क्विल्ट टिपायच्या लाँगआर्म यंत्रांकडून आला. त्याची कड जाड आणि उंच, म्हणजे अ‍ॅक्रिलिकची पट्टी सुईखाली सरकत नाही, आणि सुईपासून कडेपर्यंतचं अंतर पाव इंच. या कामासाठी पातळ कडं चुकूनही वापरू नये, सुई पट्टीवर आदळून तुटते.

नव्यानं शिकणाऱ्यानं धातूचा, बंद कड्याचा, स्प्रिंगवाला साधा फूट घ्यावा. तो स्वस्त असतो आणि बहुतेक कामं त्याच्यानं होतात. बसवताना आडवा हात स्क्रूच्या वरच हवा. खाली राहिला तर मोडू शकतो. दाते खाली करावेत, तशी सोय नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आणावी. कडं कापडावर तरंगल्यासारखं दिसलं तरी फुटाची कळ खाली पाडायला विसरू नये, नाहीतर वरच्या दोऱ्याला ताण राहत नाही आणि कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं.

या सगळ्यापेक्षा आधी पाहायचं ते मशीनच्या ज्या दांड्यावर फूट बसतो त्याचं माप. लो शँक, हाय शँक आणि सिंगरच्या काही जुन्या मॉडेलांचा तिरका दांडा, यांचे फूट एकमेकांना लागत नाहीत. आपल्याकडची जुनी काळी मशीनं बहुधा लो शँकची असतात, तरी अंदाजावर जाऊ नका. दुकानात जाताना मशीनचा नेहमीचा फूट काढून बरोबर न्या आणि त्याच्याशी ताडून पाहूनच नवा घ्या.