भयसंगीतिकेचा लघुपट

भयकथेला संगीतिकेची, म्हणजे गाण्यांतून कथानक पुढे नेणाऱ्या नाट्यप्रकाराची, जोड देण्याचा प्रयोग १९७३ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या 'द रॉकी हॉरर शो'ने लोकप्रिय केला. रंगमंचावरूनच आलेल्या 'रेपो! द जेनेटिक ऑपेरा'चा २००६ मधील लघुपट हा निर्मात्यांना कल्पना पटवून देण्यासाठी केलेला नमुना होता आणि २००८ मध्ये त्यावरून पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला. स्कॉटलंडच्या रायन मॅकहेन्री यांच्या 'झॉम्बी म्युझिकल' या लघुपटाचीही वाटचाल अशीच झाली; २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी त्याच कल्पनेतून घडलेला 'ॲना अँड द अपोकॅलिप्स' हा चित्रपट २०१७ मध्ये ऑस्टिनच्या 'फँटास्टिक फेस्ट' या भय-अद्भुतपटांच्या महोत्सवात प्रथम दाखवण्यात आला. या दोन्ही उदाहरणांत लघुपट मोठ्या चित्रपटाची पूर्वतयारी ठरला.